चौदा नंबरचा पिंजरा

पटलं तर घ्या, पण माझी धाकटी मावशी खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली. त्याचीच ही खरी घडलेली हकिकत.

मावशी दातांची डॉक्टर. दात सरकतो कसा, यावर तिचा प्रबंध चालला होता. उंदरांच्या दाढेला बारीक स्प्रिंग लावायची आणि फट किती पडली ते एकवीस दिवस रोज पातळ पट्टीने मोजायचं. कॉलेजच्या तळघरात वीस पिंजरे, आणि मोजणारी ती एकटी. जीव मेटाकुटीला आला होता.

दहाव्या दिवशी चौदा नंबरचा उंदीर मेला. स्प्रिंग टोचत होती, म्हणून त्याने खाणं सोडलं होतं. मावशीच्या ते लक्षातच आलं नाही.

एक उंदीर कमी झाला, आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार, असं तिला वाटलं. अंगात त्राण नव्हतं. तिने मेलेला उंदीर गुपचूप बाहेर नेऊन टाकला आणि वहीत चौदाचे आकडे मनानेच लिहीत राहिली.

बाराव्या दिवशी, भर दुपारी...

रिकाम्या पिंजऱ्यातून कुरतडल्याचा आवाज आला.

तिने वाकून पाहिलं. आत नुसता कापूस.

"चौदा नंबर आता खातोय हो, मॅडम," पिंजऱ्यांतल्या खाण्याच्या वाट्या भरणारे काका म्हणाले. "कापसात दडून बसतो, दिसत नाही. पण वाटी चाटूनपुसून साफ! आधी तोंडच लावत नव्हता. सांगणार होतो, पण तुम्ही इतक्या दमलेल्या..."

तरी मावशीने वहीत चौदाचा त्या दिवशीचा आकडा लिहिला.

एकविसाव्या दिवशी तिने चौदापुढे शेवटचा आकडा लिहिला. अर्धा मिलिमीटर.

त्याच संध्याकाळी जेवताना तिच्या दाढेत घास अडकला. तिथे कधी फट नव्हती. तिने कॉलेजातल्या डॉक्टर मैत्रिणीला तोंड दाखवलं.

"तार-बीर लावली होतीस का गं?" मैत्रीण हसली. मग तिने पट्टी घालून पाहिली.

अर्धा मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी मावशीने सरांना सगळं सांगितलं. प्रबंध रद्द झाला, दोन वर्षं पाण्यात गेली.

"अगं, उंदीर मेला एवढं लिहायचं," सर म्हणाले. "एका ओळीत भागलं असतं."

याला बरीच वर्षं झाली. फट वाढली नाही, बुजलीही नाही.

परवा ती आमच्याकडे जेवायला होती. मध्येच तिने हातातला घास खाली ठेवला. जबडा हलत नव्हता.

तरी तिच्या तोंडातून कुरतडल्याचा आवाज येत होता... मी स्वतः ऐकला.

"मावशी!"

"खाऊ दे गं," ती थकून म्हणाली. "तेव्हा उपाशी गेला बिचारा."