समोरून बोल

कँटीनमधला कॉफीचा ग्राइंडर बिघडला होता. तो दुरुस्त करायला आलेला माणूस बराच वेळ माझ्या पाठीमागे उभा राहून बोलत होता, हे मला नंतर कळलं. शेवटी तो वळसा घालून समोर आला. हातात पाना, कपाळावर आठ्या.

"मॅडम, केव्हाचा सांगतोय, वायर तुमच्या पायाखाली आहे. ऐकू येत नाही का?"

"नाही," मी म्हणाले. "मागून बोललात तर नाही."

केस मी नेहमी वर बांधते. त्याचं लक्ष माझ्या कानांमागच्या श्रवणयंत्रांकडे गेलं आणि चेहरा गोरामोरा झाला. "सॉरी, मला खरंच—"

"सॉरी कशाला? वायर घ्या."

मी पाय उचलला. तो हलला नाही. "पण... मागून का नाही?"

असं कुणी विचारत नाही. लोक एक तर ओरडायला लागतात, नाहीतर गप्प होतात. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सवय आहे. मी समजावलं: प्रत्येक यंत्रात दोन माइक असतात, एक जरा पुढे, एक जरा मागे. आवाज आधी कुठल्या माइकपाशी पोचला, यावरून यंत्र दिशा ओळखतं. गोंगाट असला की समोरचं राहू देतं, मागचं दाबतं.

"म्हणजे तुमच्याशी बोलायचं तर समोर यायला हवं."

"हो. आणि मला तुमच्याकडे बघायला हवं."

"मला चालेल."

"मी विचारलं नव्हतं!"

पुढच्या आठवड्यात ग्राइंडर पुन्हा बिघडला. मग पुन्हा. कँटीनवाली मावशी माझ्यासमोर कप आदळत म्हणाली, "मशीन धडधाकट आहे हो. बिघाड दुसरीकडेच आहे."

होता, त्याच्यातही आणि माझ्यातही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कळलंही नाही. रस्त्यावरून जाताना तो एक पाऊल पुढे राहून, माझ्याकडे तोंड करून उलटा चालायचा. एकदा खांबावर आदळला.

"पुढे बघून चालता येत नाही?"

"तू माझ्याकडे बघत होतीस. मग खांबाकडे कोण बघणार?"

एकच खोड जाईना. चार माणसांत मी "काय म्हणाले?" असं विचारलं की हा कुजबुजायचा, "नंतर सांगतो." आणि सांगायचाही, अगदी प्रामाणिकपणे. पण तासाभराच्या गप्पांचं तोवर एक वाक्य झालेलं असायचं. वाळलेलं.

"मला दुभाषा नकोय," मी त्याला बजावलं. "सारांशावर संसार होत नाही."

"संसार...?" त्याचे डोळे चमकले.

"शब्द पकडू नकोस. पुन्हा असं केलंस तर मी निघून जाईन."

खरंच गेले असते. नावडत्या माणसाचा सारांश मला चालतो. याचा नाही.

मग त्यानं मला घरच्यांना भेटायला बोलावलं, एका गजबजलेल्या हॉटेलात. त्याची आई, मोठी बहीण आणि काका. आईनं मला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "मोकळे सोडले असतेस तर छान दिसले असते गं. झाकलंही गेलं असतं."

"काकू, केस घासले की यंत्रात खरखर होते," मी म्हणाले. "आणि झाकायचं काय त्यात? ताईंचा चष्मा कुठे झाकलाय?"

बहीण फिस्सकन हसली. आई नाही हसली.

भिंतीलगतच्या लांब बाकावर त्यांनी मला मानानं मधोमध बसवलं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बहीण आणि तिच्यापलीकडे काका. समोर फक्त तो, आणि त्याच्यामागे सगळं हॉटेल. माझी यंत्रं इमानेइतबारे समोरच्या ताटवाट्यांचा खणखणाट कानात ओतत राहिली. शेजारची माणसं पुसटशी गुणगुणत होती. अचानक सगळे खो खो हसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं, जाऊ दे," आई म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अजून हसतच होता. "नंतर सांगतो."

मी उठले.

त्याचं हसू विझलं. मी टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी गेले. पर्स खांद्यावरच होती. दार चार पावलांवर.

"ऊठ," मी म्हणाले. "तू बाकावर बस. मला ही खुर्ची हवी. गोंगाट माझ्या पाठीशी, तुम्ही सगळे माझ्यासमोर. आणि जे काही बोलायचं ते आत्ता. नाहीतर मी जाते."

"अगं बाई, एवढं काय त्यात!" आई म्हणाली. "तो सांगतोच की तुला सगळं."

"सांगतो ना. शिळं करून."

तो उठला. कान लालबुंद झालेले. बाकावर आईशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "चुकलं माझं. आई, घड्याळाची गंमत परत सांग. तिच्याकडे बघून."

आई घुश्श्यात होती, पण गंमत सांगायचा मोह तिला आवरेना. "लहानपणी यानं घरातलं घड्याळ खोललं. जोडलं तर दोन चाकं उरली! ती यानं उशीखाली लपवली..."

"आणि घड्याळ?"

"चाललं की! उलटं!"

मी इतकी हसले, की आईचाही राग गळून पडला. एक एक शब्द स्वच्छ पोचत होता.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. पाणी प्यायला. "मला... हिच्याशी लग्न करायचंय. हिची हरकत नसेल तर."

काका, जे इतका वेळ सगळ्यालाच मान डोलवत होते, कानामागे हात धरून पुढे झुकले. "काय म्हणतोय हा?"

"काही नाही, भाऊजी," आई घाईघाईनं म्हणाली. "घरी गेल्यावर सांगते."

"घरी नाही," मी म्हणाले. "आत्ता. काकांकडे वळ आणि नीट सांग."

तो वळला. "काका! मला! हिच्याशी! लग्न करायचंय!"

शेजारच्या टेबलांवरचे चमचे थांबले. काकांनी आज पहिल्यांदाच मान डोलवली नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुझं काय म्हणणं, पोरी? मोठ्यानं सांग. मलाही ऐकायचंय."

"हो!" मी सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाले. "पण झोपताना मी यंत्रं काढून ठेवते. भांडण त्याच्याआधी उरकायचं!"

"समोर बसून," तो म्हणाला.