नरवाण

अंड्यातून पिल्लू बाहेर आलं की सोनखाडीत निळाच दिवा लागायचा. निळा म्हणजे नर. मादीचा लाल दिवा लागलेला गावाला आठवतही नव्हता.

तन्वीकाकींच्या पडवीत, वाळूच्या पेटीत, देवराईतल्या शेवटच्या मादी घोरपडीची अंडी ठेवली होती. ती मादी आता मेली होती. बाकीच्या अंड्यांतून नरच निघाले. उरलं होतं एक अंडं, आणि त्यासमोर डॉक्टर ओजस पेठे नर-मादी दिव्यानं सांगणारा संवेदक धरून बसला होता.

हे सुरू झालं परक्या घोरपडीपासून. हौशी मंडळींनी ती दूरदेशाहून आणून पाळली आणि कंटाळा आल्यावर खाडीत सोडून दिली. तिनं पक्ष्यांची अंडी, खेकडे, कासवाची पिल्लं, दिसेल ते फस्त केलं. सापळे लावून लोक थकले. तेव्हा ओजसनं ‘नरवाण’ काढलं: प्रयोगशाळेत वाढवलेले परके नर, ज्यांच्यात एक जनुक बसवलं होतं. ते बापाकडून प्रत्येक पिल्लात उतरे आणि पिल्लू नरच निपजे. पुढं त्याच्या पिल्लांचंही तेच. माद्या संपल्या की जात संपणार. ना विष, ना बंदूक. कागदावर युक्ती इतकी सोज्वळ होती की कुणी हरकतच घेतली नाही.

देशी घोरपड वर देवराईत, परकी खाली खाडीत. दोघींची गाठ पडणार नाही, असं ओजससारखे शहाणे धरून चालले. गावाला विचारायचं मात्र राहिलं. इथल्या निम्म्या घरांचं देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, घोरपड. वाटेत घोरपड दिसली की तिला हळदकुंकू लावून देवराईत नेऊन सोडायची, ही रीत. नरवाणाचे नर माणसाला न बुजणारे, खुशाल रस्त्यावर ऊन खात पडायचे. गावानं त्यांना आपलंच देवक समजून भक्तिभावानं एकेक करून वर पोचवलं.

“तुमी आमका सांगूक होया होता,” काकी म्हणाल्या. “देवकाक कोणी वाटेर टाकता काय?”

“चूक माझीच, काकी. दोन्ही जातींचा संकर होईल, हे मला वाटलंच नाही.”

अंड्याला चीर गेली. इवलंसं तोंड बाहेर आलं, मग ओलं पिल्लू.

“ह्या तरी चेडू असात मां?” मादीच्या आशेनं काकींनी विचारलं.

ओजसनं संवेदक शेपटीच्या मुळाशी टेकवला. निळा दिवा लागला.

काकींनी त्या दिव्याकडे बघितलं. “आमच्या गावान पिढ्यानपिढ्या देवीकडे ह्याच मागल्यान,” त्या म्हणाल्या. “झील दी, झील दी. चेडू नको.” मुलगा दे, मुलगी नको, हाच तो नवस.

ओजसला रडू आवरेना. पण खरं सांगायचं अजून बाकीच होतं. देवराईतले नर डोंगर ओलांडून पलीकडच्या माद्यांपर्यंत पोचले, तर तिथंही हेच होणार. त्यांना आजच मारायला हवं होतं. एकूण एक. त्यानं ते कसंबसं सांगितलं आणि गोणपाटाची पिशवी पुढं केली.

“ह्याका पण?”

“यालाही.”

काकींनी पिल्लू पदरानं पुसलं. बोटानं कपाळाला हळदकुंकू लावलं. मग स्वतःच ते पिशवीत ठेवून तोंड आवळून बांधलं, आणि जन्मभराच्या सवयीनं पिशवीला हात जोडले.