गप्प बसायची सूट

कॉलेजच्या फाटकासमोरच्या रसवंतीत कैनात एकटीच बाकावर बसली होती. दुपारचं ऊन असं तापलं होतं की समोरचा डांबरी रस्तासुद्धा डोळ्यांना नको वाटत होता. तेवढ्यात धुळीचा लोट उडवत एक मोटरसायकल येऊन थांबली, आणि तिच्यावरून उतरलेल्या तरुणाने, ना ओळख ना पाळख, सरळ तिलाच विचारलं की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मॅडम कुठं भेटतील.

"काय काम होतं?"

"भांडायचंय," तो म्हणाला. इतक्या सरळपणे, की जणू एखादा दाखला काढायला आलाय.

उंचापुरा गडी, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम. रागावलेला होता खरा, पण राग त्याच्या चेहऱ्याला काही नीट बसत नव्हता. त्याने रस मागवला आणि पेला हातात घेऊन तक्रार सुरू केली. नाव शाहबाज, गाव घोडेगाव, धंदा म्हशींचा. धाकटी बहीण शिफा याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. तत्त्वज्ञान हा विषय तिने सोपा म्हणून घेतला, तर त्या मॅडमने पुस्तक उघडायच्या आधीच पोरांना गृहपाठ दिला, की पंधरवडाभर कुणीही खोटं बोलायचं नाही. काल घरी गिऱ्हाईक आलं. म्हैस पसंत पडली, सौदा ठरत आला, आणि चहा घेऊन आलेल्या शिफाला गिऱ्हाइकाने सहज विचारलं, म्हैस गरीब आहे ना गं? शिफाने सांगून टाकलं, धारेला बसलं की लाथ मारते. गिऱ्हाईक चहा तसाच ठेवून निघून गेलं.

"आता तुमीच सांगा, असं कुनी शिकवतं का? तत्त्वज्ञान म्हंजी पुस्तकात असतं न्हवं?" त्याने पेला खाली ठेवला. "वळखता का तुमी त्या मॅडमला?"

आली का पंचाईत. हा गृहपाठ मॅडमनेही पाळायचा, असं वर्गाने तिच्याकडून पहिल्याच दिवशी कबूल करून घेतलं होतं. नियमात पळवाट एकच होती, गप्प बसायची सूट. खोटं बोलायचं नाही, पण उत्तर द्यायचं नसेल तर गप्प राहायला हरकत नाही. कैनातला गप्प राहता आलं असतं. रस संपवून, ओढणी सावरून निघून जाता आलं असतं. पण तो असा उत्तराची वाट बघत उभा होता की...

"ओळखते," ती म्हणाली. "मीच ती."

त्याला जो ठसका लागला तो काही केल्या थांबेना. रसवंतीवाल्याने पाणी दिलं. डोळे पुसत त्याने विचारलं, "मंग तुमी बी पाळताय ना? खरं सांगा, मघापासनं मनात हसत हुता का न्हाई?"

"हसत होते."

"आन्‌ आत्ता?"

कैनातने सूट घेतली. गाल मात्र तिचे तापले होते, आणि ते काही उन्हाने नव्हे.

भांडण शेवटी भलतीकडेच गेलं. तो म्हणाला, शुक्रवारच्या बाजारात खरं बोलून एक तरी जनावर विकून दाखवा. ती म्हणाली, म्हशीतलं मला काय कळतं, तुम्हीच दाखवा, माझी मुलं बघतील. आता मागे कसा हटणार? पुरता अडकला बिचारा.

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला, पण शुक्रवारी सगळा वर्ग घोडेगावच्या बाजारात हजर होता. टेम्पोंची रांग, म्हशींचं रेकणं, शेणाचा आणि भज्यांचा एकत्र वास. शाहबाज आपल्या म्हशीशेजारी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, दूध चांगलं हाय, पर लाथ मारती. लोक आधी हसत, मग ह्यात काहीतरी डाव असणार असं धरून पुढे जात. दलाल त्याची टर उडवत होते. मुलं लिंबाखाली बसून तावातावाने भांडत होती, की समोरच्याने विचारलंच नाही तर आपण होऊन सांगायचं का. शिकवायला म्हणून कैनातला तोंड उघडावंच लागलं नाही. ती नुसती बघत होती, आणि खरं सांगायचं तर मुलांकडे कमीच बघत होती.

ऊन कललं. बाजार पांगला. म्हैस तिथेच.

"सबंध बाजार हसला आज मला," तो तिच्याजवळ येऊन म्हणाला. चेहरा धुळीने माखलेला, आवाज बसलेला. "तुमचं काय म्हननं हाय माझ्याबद्दल?"

कैनात गप्प राहिली.

"घेतली सूट," तो हसून म्हणाला. "शिफानं सांगितलीया मला. घ्या, घ्या. पर मी बी आता पाळनार हाय. तुमी पाळाल तवर."

त्यानंतर शिफाला रोज कॉलेजात सोडायला भाऊच येऊ लागला. आधी ती एसटीने यायची, हे कैनातला चांगलं ठाऊक होतं. फाटकापाशी दोन शब्द व्हायचे, कधी तेही नाही, नुसती एक नजर. आणि ती नजर मग तिला दिवसभर काम करू द्यायची नाही. जीव जडला होता तिचा, उगाच आडपडदा कशाला.

पण इकडे श्रीरामपूरला, घरी, वेगळंच शिजत होतं. केडगावचं स्थळ आलं होतं. मुलगा अमीर, इंजिनिअर, शांत, निर्व्यसनी. अब्बांनी, दिलावरभाईंनी, त्यांना जवळजवळ शब्दच दिला होता, आणि कापडाच्या धंद्यात सगळी हयात घालवलेल्या त्या माणसाचा शब्द आजवर कधी खाली पडला नव्हता. रविवारी मंडळी येणार होती.

शनिवारी फाटकापाशी शाहबाजने मोटरसायकल बंद केली. "उद्या पाव्हणे येनार म्हनं. शिफा म्हनत हुती, वर्गात कुनी इचारलं तवा तुमीच सांगितलं."

"हो."

"मंग... काय सांगनार?"

"माहीत नाही." हे खरंच होतं.

त्याने हँडलवरची धूळ पुसली. "मला काय इचारायचं असंल तर इचारा. मी खोटं न्हाई बोलनार."

विचारायचं एकच होतं. ते ओठांवर आलंही. पण तो नाही म्हणाला तर? तेही खरंच असणार, मग कुठल्या आशेवर राहायचं? तिने मान हलवली आणि आत निघून गेली. मोटरसायकल बराच वेळ सुरू झाली नाही, तेवढं तिला ऐकू आलं.

रविवार उजाडला. तिची आई मुमताज हिने शीरखुर्मा केला, नवी चादर अंथरली. मंडळी भली होती, हीच मोठी अडचण. अमीरने तिच्या शिकवण्याबद्दल आपुलकीने विचारलं. अब्बा खुशीत होते, कधी नव्हे ते मोठ्याने हसत होते. मग अमीरची फूफी, म्हणजे आत्या, सरकून जवळ बसली आणि तिने कैनातच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, तू राजी आहेस ना?"

कैनातने मान खाली घातली. सवयीने सूट घेतली. क्षण गेला, दुसरा गेला, आणि फूफीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. अब्बांनी मिठाईचं ताट पुढे ओढलं. मुलगी लाजून गप्प बसली की तोच तिचा होकार, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. वर्गात आपण गप्प बसण्याला सूट म्हणत आलो, आणि इथे ह्या गप्प बसण्याइतकं मोठं खोटं आपण जन्मात बोललो नसू.

"मी राजी नाही," ती म्हणाली. "माफ करा. तुमच्यात काही कमी नाही. माझ्या मनात दुसरं कुणीतरी आहे."

पेढ्यावर गेलेला फूफीचा हात तिथेच थांबला. अमीर उठला. चेहरा उतरला होता त्याचा, पण तो एवढंच म्हणाला, "बरं झालं आजच सांगितलंत." मंडळी गेली. रस्त्यावर त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"कोण?" अब्बांनी विचारलं.

तिने सांगितलं.

"त्याच्या मनात आहे?"

"माहीत नाही, अब्बा. विचारायची हिंमत नाही झाली."

दिलावरभाई तिच्याकडे बघतच राहिले. "चारचौघांत माझा शब्द मोडायची हिंमत झाली, आणि त्याला विचारायची नाही झाली?" त्यांनी तिचा मोबाईल उचलून तिच्यापुढे धरला. "विचार. इथंच, माझ्यासमोर."

फोन लागला. पलीकडे म्हैस रेकत होती.

"मॅडम? पाव्हणे..."

"गेले. मी नाही म्हटलं." तिने डोळे मिटून घेतले. "शाहबाज, अब्बा समोर बसलेत, त्यांना सगळं ऐकू जातंय. माझ्या मनात तुम्ही आहात. तुमच्या मनात काय आहे?"

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. अब्बांची नजर फोनवर, अम्मीची अब्बांवर.

"तुमीच हाय," तो म्हणाला. "पयल्या दिसापासनं. तुमी आज व्हय म्हनला असता तर काय केलं असतं, देवाला ठावं. अब्बांना सांगा, असाच निघालो मी. कपडे शेनाचे हाईत, तेवढं चालवून घ्या म्हनावं."

अब्बांनी पेढ्यांच्या ताटावर झाकण घातलं.

"कपडे बदलून ये म्हणावं त्याला," ते म्हणाले.