थांबायचा वेळ

अग्रतंतू न बसवलेला स्क्वॉशपटू आता जुन्या क्लबांच्या भिंतींवरल्या फोटोंतच सापडतो, आणि तिथंही बहुधा हरलेल्यांच्या रांगेत. चेंडू दिसायचा, मेंदूनं ठरवायचं, मग हात हलायचा. या कारभारात निसर्गानं बराच वेळ खर्ची घातलाय. मानेत बसणारा केसाएवढा अग्रतंतू ही उधळपट्टी बंद करतो. डोळ्यांनी टिपलेलं तो थेट हाताला कळवतो. मेंदूला बातमी मागाहून. शाल्मली बेहेरेला क्रमवारीच्या तळातून अंतिम सामन्यापर्यंत त्यानंच आणलं होतं.

आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तिनंच, तंतू बसवणाऱ्या डॉ. टिपणीसबाईंना क्लबच्या कोर्टवर बोलावून घेतलं.

"काल सरावात फ्रेनीचा ओठ फाटला, बाई. माझ्या रॅकेटनं."

"खेळात लागतं गं."

"ती आड आली होती आणि मला दिसत होती! पूर्वी अशा वेळी फटका आवरायचो, 'लेट' म्हणायचो, गुण पुन्हा खेळायचो. तुम्ही 'लेट' शेवटचं कधी ऐकलंत?"

खेळ वेगवान झाला म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांत बाईही पुढच्या रांगेत असत.

"आवरायलाही वेळ लागतो," त्या सावकाश म्हणाल्या. "आम्ही वाचवला तो तोच."

"मग बंद करा तो तंतू. उद्या समोर फ्रेनीच आहे. तिचा डोळा गेला तर? मी हरले तर हरले."

बाईंनी हातातल्या यंत्रानं तंतू बंद केला. भिंतीवर चेंडू फेकला आणि स्वतःच शाल्मलीच्या फटक्याच्या आड उभ्या राहिल्या. आपल्याच शोधावर विश्वास असला की माणूस कुठंही उभा राहतो. 'थांब!' शाल्मलीनं हाताला बजावलं.

रॅकेट बाईंच्या कानाला वारा घालून गेली.

"बंद केलाय ना?"

"केलाय." बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तंतूनं शिकवलेलं तुझ्या नसांनी पाठ केलंय. आता त्यांना तंतू लागत नाही."

"मग मला थांबवायचं कुणी?"

उत्तराआधी दार उघडलं. "काय रे घाबरट, डॉक्टर बोलावली काय?" सुजल्या ओठांनी हसत फ्रेनी मागून धावत आली, रोजच्यासारखी गळ्यात पडायला. शाल्मली वळली; वेगानं अंगावर येणारं काहीही तिच्या हाताला आता चेंडूच होतं.

"मागं हो!" शाल्मली किंचाळली.

ती किंचाळी तिच्या स्वतःच्या कानांवर पडली, तेव्हा हात केव्हाच निघाला होता.