न विचारता दिलेलं कफन

अशी गोष्ट सांगायला घेतली की लोक आधी विचारतात, रात्रीचे किती वाजले होते?

दुपारचे चार वाजले होते. उजेड होता.

आणि हे खरं घडलेलं आहे.

सोमवार, १ डिसेंबर २०१४ ते गुरुवार, ४ डिसेंबर. गाव कारा-ओय. नारीन या डोंगरी शहराच्या वरच्या अंगाला, खिंडीच्या अलीकडचं शेवटचं. जिच्या घरात घडलं ती माझी सख्खी मावशी, बुरुलचा. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. गावच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षं नर्स. पदरचं काही घालून सांगायची तिला सवय नाही. तारखा मी केंद्राच्या नोंदवहीत स्वतः पाहिल्या आहेत. एका नोंदीत खाडाखोड आहे. त्या नोंदीकडे शेवटी येतो.

मावशीसोबत तिची आई, म्हणजे माझी आजी, राहायची. तोक्तोबुबू, सत्त्याऐंशी वर्षांची. आम्ही सगळे तिला आपा म्हणायचो.

आपाच्या खोलीत एक लाकडी पेटी होती. आमच्याकडची म्हातारी माणसं अशी पेटी भरून ठेवतात. स्वतःच्या हातानं शिवलेलं कफन, बाईचं म्हणून पाच तुकड्यांचं, कुठेही गाठ न मारलेलं. साबण. अंघोळ घालणाऱ्या बायकांना द्यायचे रुमाल. थंडीच्या तोंडावर आपा ते कफन अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकायची, आणि बुरुलचाचा जीव वरखाली व्हायचा.

"आपा, आत घे ते. येणारी-जाणारी माणसं बघतात."

"बघू देत की. टाके सरळ आहेत. लाजायचं काय त्यात?"

"तुला काही झालेलं नाही. प्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे तुझं."

"मग तू घाल कफन," म्हातारी खुदकन हसायची.

त्या उन्हाळ्यापासून आपानं आणखी एक टुमणं लावलं होतं. आमच्याकडे जाणारा माणूस जवळच्यांना विचारतो, माझ्यावर राजी आहेस ना? समोरच्यानं म्हणायचं, राजी आहे. मागचं सगळं त्या एका शब्दात मिटतं आणि जाणारा मोकळा होतो. आपाला तो शब्द साऱ्या गावानं दिला होता. जिच्याशी वीस वर्षं अबोला होता त्या शेजारणीनंसुद्धा दिला.

पोटची पोर तेवढी देत नव्हती.

"बुरुल, राजी आहेस ना?"

"आधी गोळी घे."

"गोळी घेतली. आता सांग."

"सूप घे."

चार वर्षांपूर्वी बुरुलचाचा एकुलता एक मुलगा, जानताय, मॉस्कोहून परत आला होता. जस्ताच्या पेटीत. कडा डाग देऊन बंद केलेल्या आणि सोबत कागद, उघडू नये. अंघोळ नाही, कफन नाही, चेहरासुद्धा नाही. त्या दिवशी जमलेले सगळे राजी म्हणाले. बुरुलचाचं तोंड उघडलं नाही. कुणावर राजी व्हायचं? पेटीवर?

तेव्हापासून तिला पेटी दिसली की संताप यायचा. कुठलीही पेटी.

शनिवारी, २९ नोव्हेंबरला, शेजारची बातमाकान गेली. थोराड, उंच बाई. खिंड बर्फानं बंद आणि गावच्या दुकानात पांढरं कापड संपलेलं. अशा वेळी आमच्याकडे एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पेटीतलं कफन घेतात. त्यात वाईट कुणी मानत नाही. उलट म्हणतात, ज्याचं कफन दुसऱ्याच्या कामी येतं त्याचं आयुष्य वाढतं.

अट एकच. मालकानं ते स्वतःच्या हातानं उचलून द्यायचं.

रविवारी संध्याकाळी आपा झोपेची गोळी घेऊन गाढ झोपली होती. बुरुलचानं तिच्या उशाखालची किल्ली काढली, पेटी उघडली, पाचही तुकडे बगलेत मारले आणि शेजारी नेऊन दिले. घेणारी होती उमसुनाय, गावातल्या बायकांना शेवटची अंघोळ घालणारी. तिला सगळ्या एजे म्हणायच्या, म्हणजे थोरली ताई.

"आपानं स्वतः दिलं ना गं?" तिनं विचारलं.

"हो, एजे."

तीस वर्षांत मावशीनं नोंदवहीत एक आकडा खोटा लिहिला नव्हता. आणि हे असं सहज बोलून गेली. मला म्हणाली, "मला वाटलं, बरं झालं. ते कापडही घरातून गेलं आणि आयुष्यही वाढलं."

सोमवारी दुपारी बातमाकानला माती दिली. दिवसभर बुरुलचा त्यांच्या लोकरी नमद्याच्या तंबूत बायकांबरोबर रडायला बसली होती. चार वाजता घरी आली.

चूल विझलेली. घर गारठलेलं.

आपा तिच्या गादीवर ताठ बसली होती. हात मांडीवर.

"चूल विझू दिलीस? आणि अंगावर पांघरूण कुठंय?"

"बातमाकानला दिलंस?" आपानं विचारलं.

बुरुलचा थबकली. "कुणी सांगितलं तुला?"

"तीच म्हणाली. दोन बोटं आखूड पडतंय म्हणे."

म्हातारपणी माणसं असं बरळतात. नर्सला हे कुणी सांगायला नको. ती चुलीत शेण्या घालायला वाकली. फुंकर मारली तशी तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.

तिनं सहज मागे वळून पाहिलं.

आपा काहीतरी पुटपुटत होती. ओठ हलत होते, आवाज येत होता.

पण तोंडासमोर...

वाफ नव्हती.

बुरुलचानं प्रेशरचं यंत्र काढलं. पट्टा बांधला, बटण दाबलं. घरघर झाली आणि पडद्यावर चुकीची खूण आली. पुन्हा केलं. तीच खूण. सेल बदलले. पुन्हा तेच. मग पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला.

एकशे साठ, शंभर.

"मला बरं दाखवतंय मेलं!" तिनं यंत्र गादीवर आपटलं. मग आपाचं मनगट धरलं. नाडी लागेना. तिनं स्वतःची बोटं काखेत घालून ऊब दिली, पुन्हा धरलं. नाडी नाही.

बोटंच बधिर झालीत, तिनं ठरवलं.

मंगळवारी केंद्रातलं जुनं यंत्र आणलं, पाऱ्याचं. कानात नळ्या घालून ती ऐकत राहिली. पारा सरसर खाली आला. मधे एक ठोका नाही.

"सगळ्या यंत्रांना एकदमच मरण आलंय का?" म्हणाली आणि जीभ चावली.

"यंत्राला शिव्या देऊन काय होणार?" आपा म्हणाली. "मी बसलेय ना इथं. तू सोडशील तेव्हा उठेन."

"सूप घे."

सूप तसंच राहिलं. वर चरबीचा पापुद्रा धरला. बुरुलचानं ते तापवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा तापवलं. चार वेळा. चमचा कोरडा तो कोरडाच. तिनं नारीनच्या डॉक्टरला फोन लावला.

"पट्टा नीट बांधलाय ना?" डॉक्टर म्हणाले.

"तीस वर्षं तेच करतेय मी!"

"रस्ता उघडेपर्यंत मी तरी काय करू, बाई?"

तिनं फोन ठेवून दिला. रडू येत नव्हतं. नुसता राग येत होता. बर्फाचा, डॉक्टरचा, यंत्राचा आणि सगळ्यात जास्त त्या म्हातारीचा, जी ना जेवत होती, ना झोपत होती, ना आडवी होत होती. नुसती बसून विचारत होती, राजी आहेस ना?

बुधवारी, चारच्या सुमाराला, बुरुलचा स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती.

आतल्या खोलीतून आवाज आला...

चर्रर्र.

कापड फाडल्याचा. कफनाला कात्री लावत नाहीत, ते हातानं फाडतात. तो आवाज आमच्याकडे लहान मूलही ओळखतं.

ती कणकेच्या हातानं धावली. आपा तशीच बसलेली. हात मांडीवर, रिकामे. पेटीला कुलूप. किल्ली रविवारपासून बुरुलचाच्याच कमरेला होती.

चर्रर्र...

आवाज पेटीच्या आतून येत होता.

तिनं मोजलं. पाच वेळा आला. मग थांबला.

कुलूप उघडायला तिला वेळ लागला. किल्ली कणकेनं निसटत होती. झाकण उचललं तर आधी आर्चाच्या धुराचा वास आला. प्रेत असतं त्या घरात आम्ही हे झुडूप जाळतो. मग...

साबणाशेजारी, रुमालांखाली, कफन होतं.

घडी घातलेलं. पाच तुकडे. आपाचे सरळ टाके, कुठेही गाठ नाही. एका काठाला पिवळी माती लागलेली. आमच्या कब्रस्तानात कुदळीनं बर्फाखालची जमीन फोडली की निघते, ती.

गुरुवारी सकाळी ती उमसुनायकडे गेली. उमसुनाय बोरसोक, मयताच्या घरी वाटायचे कणकेचे तुकडे, तळत होती.

"एजे, बातमाकानला ते कफन नीट बसलं होतं?"

उमसुनायचा झारा थांबला. "दोन बोटं आखूड पडलं. पावलांपाशी ओढून घेतलं मी. कुणाला बोलले नव्हते. तुला कोणी सांगितलं?"

उमसुनायनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"आपानं स्वतः दिलं होतं ना, पोरी?"

"...झोपेत होती."

उमसुनायनं कढई चुलीवरून उतरवली.

"नर्स झालीस, पण अक्कल गहाण टाकलीस. मागून आणलेलं पुरतं गं. उचलून आणलेलं परत येतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिचं जे द्यायचं राहिलंय ते देऊन टाक, जा."

घरी येऊन बुरुलचानं तीन वेळा चूल पेटवली, दोनदा अंगण झाडलं. चार वाजता आपाच्या समोर जाऊन बसली. आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"काय हवंय तुला? औषध आणते, फेकतेस. सूप करते, बघत नाहीस. सगळ्यांना जायची घाई! तो गेला, न सांगता. आता तू. मला कुणी विचारतं का?"

"विचारतेय की," आपा म्हणाली. "सहा महिने तेच तर विचारतेय."

बुरुलचा चुलीकडे बघू लागली.

"मरणाला तू आधी भीत नव्हतीस," आपा म्हणाली. "बापाला तूच तर चमच्यानं पाणी पाजलंस. त्या जस्ताच्या पेटीनं भ्यायला लावलं तुला. आत काय असेल, आत काय असेल. चार वर्षं तेच बघतेस. माझं तोंड बघ. उघडं आहे. नीट बघ. आहे का काही भयंकर?"

बुरुलचानं बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच. एरवी ती यंत्राकडे बघत होती, चमच्याकडे बघत होती, आपाच्या तोंडासमोरच्या हवेकडे बघत होती.

आईचा चेहरा होता. थोडा पिवळा. हनुवटीवरचा तीळ तिथेच. दमलेला होता, बस.

"तू तो शब्द दे," आपा म्हणाली. "अर्धा मी ठेवीन, अर्धा जानतायला नेऊन देईन. त्याचाही राहिलाय."

बाहेर बर्फ पडत होतं. चूल पुन्हा विझली होती.

"राजी आहे," बुरुलचा म्हणाली. तिच्या तोंडातून वाफ निघाली. "दोघांवरही."

आपानं मान हलवली.

आणि मग... तिच्या तोंडातून वाफ निघाली.

एकच. पांढरी, लांब. ती छताच्या मधोमध गेली आणि विरली.

आपा कलंडली.

अंघोळीला उमसुनाय आली. पाण्याचं भांडं हातात धरून ती आपाच्या अंगाकडे बघत राहिली. दंड उचलून पाहिला, पाठ पाहिली.

"पोरी, ही आज गेलेली नाही."

"चार वाजता गेली. माझ्यासमोर. बोलत होती माझ्याशी."

"मी चाळीस वर्षं अंघोळी घालतेय," उमसुनाय म्हणाली. "ही सोमवारची आहे."

बुरुलचानं पेटी उघडून पाचही तुकडे काढून दिले. कफन बरोबर बसलं. बातमाकान आता कशात झोपली आहे, हे बघायला तिची कबर कुणी उघडली नाही.

नोंदवहीत त्या ओळीत आधी गुरुवार लिहिलाय. तो खोडून सोमवार. तोही खोडून पुन्हा गुरुवार. खाली मावशीची सही आहे, ठळक, न थरथरता केलेली.

मागच्या हिवाळ्यात मी कारा-ओयला गेलो होतो. आपाची पेटी आता मावशीच्या खोलीत आहे. अंगणातल्या दोरीवर पांढरे पाच तुकडे होते, बर्फाइतकेच पांढरे. मावशीचा स्वभाव पार बदललाय. कुणावर खेकसत नाही. टाके कसे आलेत, मला विचारत होती. मला तिकडे बघवलं नाही.

"चांगली ठणठणीत आहेस की," मी म्हणालो, "आणि तू हे काय दोरीवर..."

"मग तू घाल," ती खुदकन हसली.

निघताना ती फाटकापर्यंत आली. उणे बावीस होतं. माझ्या श्वासानं चष्मा धुरकटला होता. तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात गार होता. पण त्या थंडीत कुणाचा गार नसतो?

"तू माझ्यावर राजी आहेस ना रे?" तिनं विचारलं.

"मावशी, आधी आत जा. गारठशील."

ती हसली. काहीतरी बोललीही.

मी चष्मा पुसायला काढला, आणि ती आत जाईपर्यंत पुसतच राहिलो. तिच्या तोंडाकडे मी मुद्दामच बघितलं नाही.

तिचा फोन दर रविवारी येतो. दर वेळी शेवटी ती तेच विचारते.

मी अजून तो शब्द दिलेला नाही.