खाली आणलेला ट्रान्समीटर

मांजरीजवळच्या डिस्टिलरीत चैताली घुले आणि समाधान गायकवाड यांची पहिली भेट शिडीवर झाली. तिला खाली उतरायचा धीर होत नव्हता, त्याला वर जायचं होतं.

"मॅडम, रस्ता अडवलाय तुम्ही."

"पाय लटपटतायत माझे, दिसत नाही?"

"दिसतंय ना... म्हणून तर थांबलोय. या सावकाश."

स्पिरिट वेगळं करणारा तो उंच कॉलम तिच्याकडे, त्यावरची उपकरणं त्याच्याकडे. त्यामुळे रोज भांडण, आणि भांडण झालं नाही तर दोघांनाही करमत नसे.

गेला आठवडाभर मात्र पडद्यावर कॉलमचा दाब उगाच वरखाली नाचत होता. मॅनेजर हिंमतरावांनी आज सकाळी स्पष्टच सांगितलं, "संध्याकाळपर्यंत स्थिर करा. नाहीतर चैताली, उद्यापासून तुम्ही लॅबमध्ये." हा तिचा पहिलाच कॉलम होता.

"तुमचा व्हॉल्व्ह वेडा झालाय!" ती समाधानवर उखडली.

"व्हॉल्व्ह शहाणा आहे. त्याला कुणीतरी खोटं सांगतंय."

तो वर जाऊन जुन्या काट्याचं गेज बघून आला. तिथे दाब जागचा हलत नव्हता. म्हणजे खोटं बोलत होता तो दाब मोजणारा ट्रान्समीटर! चैताली त्याच्या नळीमागे नजर फिरवत गेली. नळी वरून थेट खाली आली होती. त्यात वाफ गार होऊन पाणी कमीजास्त साचत होतं, आणि त्या पाण्याचं वजनही दाबात मोजलं जात होतं.

"हा तर वर होता ना? खाली कुणी आणला?"

समाधानचे कान लाल झाले. "मीच... मागच्या आठवड्यात."

"का पण?"

"पडद्याशी रीडिंग ताडून बघायला रोज तुम्हाला त्याच्यापर्यंत चढावं लागायचं. हात कापायचे तुमचे... बघवत नव्हतं."

चैतालीला रागवायचं होतं, पण तिने पाना उचलून त्याच्या हातात दिला.

दुपारी ट्रान्समीटर पुन्हा वर गेला. साचलेलं पाणी कॉलममध्ये परतलं आणि पडद्यावरची रेघ सरळ झाली.

"दोष कुठे होता?" हिंमतरावांनी विचारलं.

"माझ्यात, सर. मॅडमची काळजी करताना कॉलमची राहिली."

हिंमतरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कॉलम चैतालीकडेच राहील. बाकीचं तुमचं तुम्ही बघा," म्हणत ते निघून गेले.

"मला आवडता तुम्ही," समाधान एका दमात म्हणाला.

"मलाही... तुम्ही. पण यापुढे माझ्यासाठी काही हलवायचं, तर आधी मला विचारायचं."

"मग विचारतो. रविवारी तुमच्या घरी आलो, तुमच्या वडिलांना, आप्पासाहेबांना भेटायला, तर चालेल?"

चैतालीला हसू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही. "सकाळीच या," ती म्हणाली.