सातवा खांदा

सिनेमात लोक चालतात ना, त्यांच्या पावलांचा आवाज त्यांचा नसतो. तो माझ्या मामाचा असतो. आणि गेल्या सोमवारपासून माझा.

वर्गात हे सांगितलं तर अर्ध्या मुली म्हणाल्या, "जा गं, थापा मारू नकोस." पण खरंच आहे. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर मामाची खोली आहे. खिडक्यांना जाड गाद्या ठोकलेल्या. जमिनीवर चौकोन आखलेत: एकात वाळू, एकात लादी, एकात फळ्या, एकात पत्रा. कोपऱ्यात पाण्याचा टब, भिंतीला बुटांचे बत्तीस जोड. पडद्यावर माणूस चालतो, मामा त्याच्या पायांकडे बघत जागच्या जागी चालतो आणि माईक ते टिपतो. पडद्यावर चौघं असतील तर मामा चार वेळा चालतो. कॉम्प्युटरवर एकेकाची रेघ वेगळी. शेवटी सगळ्यांना एकत्र लावायचं.

मला त्याने का बोलावलं हे फक्त मला माहीत आहे. मामाचा डावा कान दोन वर्षांपूर्वी बंद पडला. ठार बंद. उजवाही आता कुरकुर करायला लागलाय. मामीला माहीत नाही, कामं देणाऱ्यांना तर नाहीच नाही. आवाजाचं काम करणारा माणूस बहिरा होतोय म्हटल्यावर त्याला कोण उभं करणार?

"तू माझे कान," मामा म्हणाला. "पण तोंड बंद. जमेल का टकळे?"

"मामा, मी वक्तृत्वात पहिली आलेय. सगळ्या शाळांमधून!"

"म्हणूनच विचारतोय. तोंड बंद जमेल का?"

सिनेमा जुना होता, काळा-पांढरा, युद्धातला. सात नौसैनिक कोळ्यांच्या वेषात होडीतून शत्रूच्या बंदरात शिरतात आणि जहाजाला सुरुंग लावतात. बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. मग अंधारात मोजायचं कसं? तर कप्तान प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारतो. जाताना सात थापा. परत येताना सहा. सातवा, वयाने सगळ्यात लहान, ज्याला बाकीचे पिल्लू म्हणतात, तो येतच नाही. कप्तान धक्क्याकडे बघत राहतो आणि मग दोर कापतो.

चित्र शाबूत होतं. आवाज गोदामातल्या ओलीने खाल्ला होता, तो नव्याने करायचा होता. ज्यांचा सिनेमा होता ते साहेब शुक्रवारी चारला ऐकायला येणार होते. पसंत पडलं तर त्यांच्याकडचे आणखी अकरा सिनेमे मामाचे.

सोमवार ते बुधवार मी शाळेतून थेट मामाकडे जात होते. गणवेशावर पुरुषांचे बूट! कप्तान टाचेवर जोर देतो. जाड्या फेंगडे पाय टाकतो. पिल्लू चवड्यांवर चालतो, मांजरासारखा. मला तोच जास्त आवडला. त्याच्यासाठी मी कापडी बूट टबात बुडवून घातले आणि एका फटक्यात जमवलं.

गुरुवारी परतीचा भाग होता. सहा जण धक्क्याच्या दगडी पायऱ्या उतरून होडीत बसतात. मी सहा वेळा उतरले, सहा थापा मारल्या, घामाघूम झाले. मग सगळं एकत्र लावून हेडफोन घातले.

सहा जण उतरले. आणि त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, चवड्यांवर, कुणीतरी.

मी घाबरले नाही. म्हटलं, जातानाचा पिल्लू चुकून इथे राहिला असेल. उघडून पाहिलं तर रेघा सहाच. मी एकेक बंद करत गेले. कप्तान बंद. जाड्या बंद. सहाही बंद. पडद्यावर सगळ्या रेघा झोपल्या.

थप. थप. थप.

मागचा अजून उतरत होता. आता जरा घाईने.

मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. "काय गं? खरखर येतेय?"

"छे! मस्त आलंय," मी म्हटलं. काय सांगणार होते? मामाला रेघांवरून कळतं, आणि रेघ तर नव्हतीच.

शुक्रवारी गणिताच्या तासाला बाईंनी दोनदा हाक मारली तरी मला कळलं नाही. मी पायऱ्या मोजत होते.

साहेब चारच्या ठोक्याला आले. आवाज इतका बारीक की मामाचं मरणच. मी त्याच्या उजवीकडे बसले. आमचं ठरलं होतं, टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर एक बोट म्हणजे 'हो', दोन म्हणजे 'नाही'. जातानाचा भाग साहेबांना आवडला. मग परतीचा लागला. सहा उतरले. मागचाही उतरला. कालच्यापेक्षा अंतर कमी होतं.

साहेबांनी हात वर केला. "थांबवा. चित्रात सहा आहेत. तुम्ही सात चालवलेत."

म्हणजे ते ऐकू येणारी मी एकटीच नव्हते! क्षणभर बरं वाटलं.

मी मामाच्या गुडघ्यावर एक बोट दाबलं.

"हो, राहिला एक," मामा म्हणाला. "काढतो. दहा मिनिटं द्या."

"तुमच्यासारख्याला सहा आणि सात कळू नये?" साहेब हसत म्हणाले, पण मामाच्या कानाकडे बघत. "खाली चहा घेऊन येतो. आल्यावर पुन्हा ऐकू."

दार लागलं. "कुठली रेघ?" मामाने विचारलं.

"मामा, रेघ नाहीये." मी सगळं सांगून टाकलं.

तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने सहाही रेघा बंद केल्या आणि स्पीकरला उजवा कान लावला. मान हलवली. काही नाही. मग त्याने डावा कान लावला.

बराच वेळ तो तसाच वाकून उभा होता.

"पाय ओले आहेत त्याचे," मामा म्हणाला.

सहा मिनिटं उरली होती. माझं डोकं भराभर चालायला लागलं. "मामा, काल थापा सहाच मारल्या आपण. तो मागून येतोय, पण त्याला मोजलंच नाही कुणी."

"मग?"

"मोजूया."

"चित्रात नाही ते करायचं नाही. नियम आहे आपला."

"हो का? मग त्याला सांग ना नियम!"

थापांसाठी आम्ही खुर्चीच्या पाठीला ओला रेनकोट चढवतो आणि त्यावर हात मारतो. खाली लाकूड असतं, ते तळहाताला लागतं. मी रेनकोट टबात बुडवला, चढवला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. पडद्यावर कप्तानाने हात उचलला.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

कप्तान धक्क्याकडे बघत राहिला.

मी पुन्हा हात उचलला.

सात.

लाकूड लागलं नाही.

रेनकोटाखाली खांदा होता. हाडकुळा, गार. थरथरत होता.

मी हात ओढून घेतला. खुर्चीवर रेनकोट नुसता लोंबत होता. पाणी टपकत होतं.

ती सातवी थाप आम्ही सिनेमात ठेवली नाही. साहेबांनी पुन्हा ऐकलं. सहा जण उतरले. त्यांच्या मागे फक्त लाटा. "आता कसं!" साहेब म्हणाले आणि मामाचा हात हातात घेऊन हलवला. अकरा सिनेमे!

बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मामा मला घरी सोडायला निघाला. मी नेहमीसारखी त्याच्या उजवीकडून चालत होते आणि माझी टकळी सुरू होती. अकरापैकी पहिला कुठला, सुट्टीत रोज येऊ का, नावांच्या पाटीत माझं नाव येईल का. मामा उत्तरच देईना. फुटपाथ रिकामा होता, तरी तो मला भिंतीला चेपून चालत होता. डावीकडे एका माणसाची जागा सोडून.

कोपऱ्यावर त्याने मान डावीकडे कलती केली. "हं," म्हणाला. थोडं चालून पुन्हा, "हं."

"अरे मामा, ऐकतोयस ना?"

"जरा थांब गं टकळे," मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. "दोघं एकदम बोलायला लागलात तर मी कुणाचं ऐकू?"